अल्सरच्या पेशंटचा डबा: काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठल्या गोळ्या विचारून घ्यायच्या

मिरजेत मी पथ्याचे डबे देते. हे गावच दवाखान्यांचं. सांगली-साताऱ्यापासून थेट विजापूर-बेळगावपर्यंतची माणसं इथं उपचाराला येतात, आणि पेशंट ॲडमिट झाला की नातेवाइकांपुढं पहिला प्रश्न जेवणाचा उभा राहतो. बाळंतिणीचा डबा वेगळा, डायलिसिसवाल्याचा वेगळा, साखरवाल्याचा वेगळा. सगळ्यात जास्त गैरसमज मात्र अल्सरच्या डब्याबद्दल. "काकू, तिखट बंद केलंय, आता बरं हुईल न्हवं?" असं विचारणारं कुणी ना कुणी रोज भेटतं. डबा हातात देताना उभ्या उभ्या जे सांगते, ते इथं सविस्तर लिहिते.

तिखटानं अल्सर होत नाही, हे आधी मनात पक्कं करा. तिखटानं असलेली जखम चुरचुरते, एवढंच. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम, आणि ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी पडते. एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, दुसरं म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८२ साली हा जंतू जठरातून काढून प्रयोगशाळेत वाढवला. एवढ्या जहाल आम्लात जंतू जगतोच कसा, म्हणून कुणी विश्वास ठेवेना. मग मार्शल यांनी १९८४ साली जंतू घातलेलं पाणी स्वतःच प्यायलं, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. या शोधाबद्दल दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. हे मी एवढ्यासाठी सांगते की अजूनही आपल्याकडं अल्सर झालेल्या माणसाला "लई ताण घेतोस, लई चटणी खातोस" म्हणून बोल लावतात आणि वर्षानुवर्षं अळणी जेवायला घालतात. तो जंतू तसाच आत बसलेला असतो. अळणी खाऊन तो मरत नाही.

म्हणून माझ्या डब्याचं काम काय, तर दुखणं हलकं करायचं, अंगात ताकद टिकवायची आणि औषधांचा कोर्स मध्येच सुटू द्यायचा नाही. जखम भरते ती औषधानं.

दुखण्याच्या गोळ्या

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत छाटणी सुरू झाली की बायांचे खांदे धरतात, ऊसतोडीला गेलेल्यांची कंबर जाते, आणि सकाळी कामावर जायच्या आधी चहाबरोबर एक गोळी पोटात जाते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमसुलाइड, ॲस्पिरिन ही त्यातली नेहमीची नावं. जठराच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, तो आम्लापासून राखण करतो. या गोळ्या दुखणं थांबवता थांबवता तो थर तयार व्हायचं कामही थांबवतात. "मी जेवल्यावरच घेतो की" असं म्हणून सुटका नाही, कारण त्या रक्तातूनही हेच करतात. त्याच औषधाचं इंजेक्शन घेतलं तरी पोटाला धोका राहतोच. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पोटाला त्यामानानं सोसवतं, पण तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच. आणि बाजारात सांधेदुखीवर कागदात बांधून मिळणाऱ्या, ना नाव ना लेबल अशा पुड्या अजिबात घेऊ नका. असल्या पुड्यांत स्टेरॉईड आणि दुखण्याच्या गोळ्यांची पूड मिसळलेली सापडलेली आहे.

एक मोठा अपवाद. हृदयासाठी किंवा पक्षाघात होऊन गेल्यावर रोजची बारीक ॲस्पिरिन चालू असेल, तर अल्सर आहे म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरांना विचारा. ते जोडीला पित्ताची, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी देतात किंवा दुसरा मार्ग काढतात.

डबा नको, दवाखाना गाठा

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि घाण वासाचं होणं. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. एकाएकी पोटात कळ येऊन पोट फळीसारखं कडक होणं. यातलं काहीही झालं तर तोंडाने काही न देता सरळ दवाखाना, रात्र असली तरी. वजन आपोआप उतरत असेल, घास अडकत असेल, रक्त कमी भरत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला असेल, तर दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) टाळू नका. जठरातला अल्सर आणि जठराचा कॅन्सर वरून सारखे दिसू शकतात, म्हणूनच तुकडा काढून तपासतात. तुकडा काढला म्हणजे आजार पसरतो, असं वॉर्डात बायका एकमेकींना सांगतात. ते खरं नाही.

आणि छातीत जळजळ, सोबत घाम, दम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नका. आधी ईसीजी.

डबा कसा भरायचा

वेळेपासून सुरुवात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशा पित्ताच्या गोळ्या सकाळी अनशापोटी, नाष्ट्याच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायच्या असतात, तेव्हाच त्यांचा पुरा उपयोग होतो. बहुतेक पेशंट त्या चहाबरोबर किंवा जेवण झाल्यावर घेतात आणि मग गुण येत नाही म्हणतात. माझ्या सकाळच्या डब्याच्या झाकणाखाली मी कागदाचा चिटोरा ठेवते, त्यावर लिहिलेलं असतं, "गोळी झाली? अर्धा तास झाला?" नाष्टा त्यानंतरच उघडायचा.

ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर असेल तर बहुधा पोट रिकामं असताना दुखतं, रात्री दीड-दोनला जाग येते आणि काही खाल्लं की बरं वाटतं. जठरातला असेल तर उलट, खाल्ल्यावर दुखायला लागतं आणि माणूस जेवायलाच भितो. दोघांनाही एकदम ताट भरून वाढू नका. थोडं थोडं, तीन-साडेतीन तासांनी. मात्र शेवटचं खाणं झोपायच्या अडीच-तीन तास आधी संपवायचं. रात्री अकराला दूध-बिस्किट देऊन झोपवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण खाणं आलं म्हणजे पोट पुन्हा आम्ल सोडतं आणि पहाटे तीच आग.

दुधाचं वेड तर फार जुनं. शिकागोचे डॉ. बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली अल्सरच्या पेशंटला तासातासाला दूध-साय देण्याचा आहार काढला आणि तो पुढं कितीतरी वर्षं जगभर चालला. आपल्याकडं "थंड दूध पी, पित्त बसतं" हे आजही घरोघरी. दुधानं काही मिनिटं शांत वाटतं हे खरं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम आम्ल वाढवतात. दूध पचत असेल तर दिवसातून एक कप जरूर घ्या, पण अन्न म्हणून. औषध म्हणून लिटरभर दूध रिचवू नका.

आता मुख्य पदार्थ. पहिल्या आठवड्यात, दुखणं जोरात असताना, माझ्या डब्यात सगळ्यात उपयोगी पडतात त्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या कण्या. गिरणीत शाळू जाडसर भरडून आणायचा, पीठ चाळून काढायचं, वर उरतात त्या कण्या. एक वाटी कण्या दोनदा धुवायच्या, पाच वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात वैरायच्या. वैरताना हात थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मग गॅस बारीक करून झाकण अर्धवट ठेवायचं आणि दर दोन-चार मिनिटांनी ढवळायचं, कारण तळाला लागल्या की सगळ्याला करपट वास येतो. बोटात दाबून कणी मेणासारखी चेपली पाहिजे, मध्ये पांढरा टिपका राहता कामा नये. चवीपुरतं मीठ. खाली उतरवून कोमट झाल्यावर त्याच दिवसाचं गोड ताक घालायचं, वर जिऱ्याची पूड. उकळत्या कण्यांत ताक ओतलं तर फाटतं. शिळं आंबट ताक या दिवसांत नको, अनेकांना ते झोंबतं.

दुपारी मुगाच्या डाळीची आसट खिचडी किंवा मऊ भात आणि घुटं, म्हणजे घोटलेली पातळ डाळ. घुट्याला जिरं, हिंग, हळद, धनेपूड आणि चमचाभर तेलाची फोडणी पुरते. भाजीत दुधी, दोडका, पडवळ, कोहळा, लाल भोपळा, मेथी चालते. तेलाची तर्री, भजी, वडा मी देत नाही. स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ रेंगाळतात आणि पोट जड वाटतं. दोन-चार दिवसांत दुखणं उतरलं की शाळूची भाकरी सुरू. ताजी, पातळ, आणि बारीक चावून. "भाकरी जड" हा समज मला पटत नाही. चावून खाल्लेली भाकरी माझ्या बहुतेक पेशंटना मैद्याच्या पावापेक्षा मानवते, शिवाय त्यातला चोथा पोट साफ ठेवतो.

मटण-चिकन खाणाऱ्यांना पथ्य म्हणजे निव्वळ वरण-भात वाटतो आणि ते चार दिवसांत कंटाळतात. त्यांच्यासाठी अळणी. चिकन आलं-लसूण-हळद-मीठ लावून शिजवायचं, चटणी पडायच्या आधीच पातळ अळणी काढून घ्यायची आणि त्यातच तांदूळ मऊ शिजवायचा. आलं-लसूण नखभर. उकडलेलं अंडंही उत्तम. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती उपाशी अंगाला मिळत नाहीत. माळकरी असाल तर मूग, पनीर, दही आणि थोडा सोयाबीन चंक्स.

जंतू निघाला तर डॉक्टर दोन अँटिबायोटिक आणि पित्ताची गोळी असा कोर्स देतात, बहुतेकदा १४ दिवसांचा. कधी त्यात बिस्मथ नावाचं औषधही असतं. या दिवसांत जेवणावरचं मन उडतं. क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर तोंड कडूजहर होतं, मेट्रोनिडाझोल असेल तर धातू चाटल्यासारखं लागतं, बिस्मथनं जीभ आणि शौच काळी पडते. आधी सांगितलं नसेल तर माणूस घाबरून आठव्या दिवशीच गोळ्या बंद करतो, अर्धवट मारलेला जंतू राहतो आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. कडू तोंडाला मी धने-जिरे घालून ताक, गार केलेलं भोपळ्याचं भरीत, वेलदोड्याची पूड घातलेली नाचणीची खीर देते. गरम पदार्थापेक्षा गार आणि कोमट पदार्थ तेव्हा बरे जातात. जुलाब लागले तर मऊ भात, केळं आणि ताक. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर गोळ्या लिहून घ्यायच्या आधीच बोला, कारण कोर्समध्ये बहुतेकदा अमॉक्सिसिलिन असतं, आणि ते पेनिसिलिनच्याच जातीचं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारूचा थेंबही नको.

कामावरची माणसं अनशापोटी दोन-तीन चहा घेतात, तो सोडा. पोटात आधी निदान अर्धी भाकरी जाऊ द्या. विडी-सिगारेटनं जखम भरायला उशीर लागतो आणि अल्सर पुन्हा उलटतो. सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावणाऱ्या आमच्या बायांनाही मी तेच कळवळून सांगते, की बाई, औषधं चालू आहेत तोवर तरी डबी दुसऱ्याच्या हवाली कर. संकष्टी, एकादशी, नवरात्र यातले कडक उपवास कोर्स संपेपर्यंत पुढं ढकला. मन मानत नसेल तर दिवसभर चहावर राहण्यापेक्षा राजगिऱ्याच्या लाह्या-दूध, वरीचा मऊ भात, केळं असं वेळेवर खा. शेंगदाण्याचा कूट घातलेली तुपकट साबुदाण्याची खिचडी मात्र नको. भेटायला येणारे पाहुणे सांगलीचं भडंग घेऊन येतात, ते डब्यात भरून ठेवा.

पोटाच्या प्रत्येक तक्रारीला अल्सर म्हणू नका

आंबट पाणी घशाशी येत असेल, वाकलं की वाढत असेल, तर ते बहुधा आम्ल उलट वर येणं आहे. खाटेचे डोक्याकडचे पाय विटा लावून सहा इंच उचला, डाव्या कुशीवर झोपा, पुदिना आणि चॉकलेट टाळा. पोट फुगत असेल तर कडधान्यं मोड आणून नीट शिजवा, आणि आठवडाभर दूध बंद करून बघा. मलावरोध असेल तर रात्री भिजवलेले मूठभर बेदाणे सकाळी पाण्यासकट खा, आपल्या जिल्ह्यात ते चांगले मिळतात. साखर असेल तर बेदाण्याचं माप विचारून घ्या.

पूरक गोळ्या आणि काढे

हळदीपासून सुरुवात करते, कारण सांगलीच्या माणसाला हळदीबद्दल बोललेलं लागतं. आपल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जेवणातली हळद अगदी बिनधास्त खा. पण काळी मिरी घातलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल ही वेगळी वस्तू आहे, त्यात हळदीचा अर्क जेवणाच्या कितीतरी पट असतो. त्यांनी काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद आहे, आणि रक्त पातळ करायची औषधं चालू असलेल्यांना त्या धोक्याच्या.

ज्येष्ठमध पोटाला गार वाटतो, पण त्यातल्या ग्लिसिरायझिननं ब्लडप्रेशर वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या माणसानं रोज चघळू नये. कोबीच्या रसाचे व्हिडिओ तर मुलं मला रोज दाखवतात. अमेरिकेत गार्नेट चेनी या डॉक्टरांनी १९४९ साली अवघ्या १३ पेशंटना तो देऊन बघितला होता, तेवढ्यावर आजची औषधं सोडू नका. रसानं गॅस होतो तो निराळाच.

खायचा सोडा आणि फसफसणारी पुडी घटकाभर आराम देते, पण त्यात सोडियम भरपूर. बीपी, हृदय, किडनी यांचं काही असेल तर नकोच. पातळ अँटासिड औषध घेत असाल तर लोह, थायरॉइड आणि काही अँटिबायोटिक गोळ्यांपासून ते लांब ठेवा. निदान दोन तासांचं, थायरॉइडच्या गोळीला चार तासांचं अंतर हवं, नाहीतर ती औषधं अंगी लागत नाहीत.

रक्तस्राव होऊन गेलेल्यांना लोहाच्या गोळ्या देतात. त्या पोटाला टोचतात. सहन होत नसतील तर बंद करण्याऐवजी जेवणानंतर घ्या. थोडं कमी शोषलं जातं, पण चालू राहतं. बरोबर चहा नको, लिंबू पिळलेलं वरण झोंबत नसेल तर चालेल. लोहानंही शौचाला काळं होतं, पण ते डांबरासारखं चिकट आणि त्या विशिष्ट घाण वासाचं नसतं. शंका आली तर डॉक्टरांना दाखवाच.

पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असलेल्यांना बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. शाकाहारी माणसांत बी-१२ आधीच काठावर असतं, म्हणून हातापायाला मुंग्या, थकवा असेल तर तपासून घ्या. कॅल्शियम घेत असाल तर कार्बोनेटला शोषण्यासाठी आम्ल लागतं, त्यामुळं या माणसांना सायट्रेट जास्त लागू पडतं. गोळीच्या पाकिटावर वाचा, नावापुढं लिहिलेलं असतं. प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या जंतूंची पुडी अँटिबायोटिकमुळं होणाऱ्या जुलाबाला मदत करते, दोन्हींत दोन तास ठेवा. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, आणि इतर गोळ्यांपासून दूर. कुठलीही मोठी गोळी आडवं पडून, घोटभर पाण्यात गिळू नका. ती अन्ननलिकेत अडकली की तिथंच जखम करते.

चटणी कधी सुरू करायची

कोर्स संपला म्हणजे जंतू गेला असं धरू नका. औषधं संपल्यावर किमान चार आठवड्यांनी शौचाची किंवा श्वासाची तपासणी करायची असते, आणि त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही नाही असा रिपोर्ट येतो. जठरातला अल्सर असेल तर पुन्हा दुर्बीण घालून भरला का ते बघतात.

खाणं मात्र त्याआधीच हळूहळू मोकळं करायला हरकत नाही. दुखणं पूर्ण थांबलं की आमटीत अर्धा चमचा कांदा-लसूण चटणी घालते, तीही तेलात परतून, वरून कच्ची नाही. तीन दिवस तेवढीच. वहीत लिहायला सांगते: काय खाल्लं, किती वाजता, दुखलं का. त्रास नसेल तर एक चमचा, मग टोमॅटो, मग आंबट दही. खर्डा आणि तळलेलं सगळ्यात शेवटी. एखादा पदार्थ दोनदा देऊन दोन्ही वेळा त्रास झाला तरच तो बंद. ऐकीव गोष्टीवरून वांगं, पोळी, तूर अशी एकेक वस्तू काढत गेलात तर ताटात काहीच उरत नाही, आणि आधीच वजन उतरलेल्या माणसाला ते परवडत नाही. वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडं घेऊन जा. त्यांना त्यातून बरंच कळतं.